गेट बंद झालं की युनियन कुठे जाते?

प्रति,
गोव्यातील सर्व कामगार संघटनांचे अध्यक्ष, सरचिटणीस आणि कार्यकारिणी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहिणारा तुमच्यातलाच आहे. डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये मी चोवीस वर्षं मेकॅनिक होतो. त्यातली शेवटची सहा वर्षं युनियनचं सरचिटणीसपद माझ्याकडे होतं. आता साखळीजवळ दुचाक्यांचं छोटं गॅरेज चालवतो. कुठल्या पक्षाच्या किंवा महासंघाच्या वतीने हे लिहीत नाही. ज्यांचा झेंडा लाल आहे, ज्यांचा तिरंगी आहे, ज्यांचा भगवा आहे, त्या सगळ्यांनी हे वाचावं अशी इच्छा आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. आपली युनियन गेटवर जगते. सभा गेटवर, घोषणा गेटवर, वर्गणी गेटवर, नोटीसबोर्डही गेटच्याच आत. एखादा सभासद दोन दिवस दिसला नाही तर गेटवरच कोणीतरी विचारतो, "कितें रे, तो खंय?" आणि संकट आलं की सगळ्यात आधी बंद होतं ते हेच गेट. मग सभासद आपापल्या घरी आणि युनियन पणजीला, कामगार आयुक्तांच्या श्रमशक्ती भवनाच्या जिन्यावर किंवा आझाद मैदानावर. मध्ये जे अंतर पडतं त्यात माणसं मनाने खचून बुडतात. मी हे पाहिलं आहे, आणि त्यात माझाही हात आहे.

७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १५ मार्चनंतर काम बंद झालं. तुम्हाला तारखा माहीत आहेत. मला सांगायचंय ते त्या तारखांनंतरच्या महिन्यांबद्दल. त्याआधी २०१२ मध्ये हे एकदा होऊन गेलं होतं. सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात न्यायालयाने खाणी थांबवल्या होत्या. तेव्हा हाल झाले, कर्जं झाली, ट्रक अंगणात उभे राहिले, पण "सुरू होतील" हा शब्द लोकांच्या तोंडी होता. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, पुढच्या वर्षी यंत्रं हललीसुद्धा. त्यामुळे दुसरी बंदी पहिलीपेक्षा खोल गेली. खाणी कायमच्या बंद झाल्या असं कोणी सांगत नव्हतं आणि अमुक दिवशी सुरू होतील असंही कोणी सांगत नव्हतं. पावसाळा संपला की बघू. चवथ झाली की बघू. निवडणूक झाली की बघू. अशा बोलण्यावर माणूस धड दुसरं काम शोधत नाही आणि धड रडूनही घेत नाही. दर काही महिन्यांनी पेपरात एक बातमी यायची, सगळ्या घरांत दोन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा सगळं खाली बसायचं. पुढे पुढे तर लोक चांगली बातमी वाचायलाच घाबरू लागले.

आमच्यात एक पोकलेन ऑपरेटर होता. नाव सांगत नाही. ट्रकच्या हौद्यात शेवटचं बकेट तो इतक्या अलगद ओतायचा की ड्रायव्हरला आत बसून कळायचं नाही. नवे पोरगे त्याचा हात बघायला उभे राहायचे. चवथीच्या आरत्यांना वाड्यावर घुमट, म्हणजे आपलं मातीचं वाद्य, तोच वाजवायचा. मार्च २०१८ नंतर आम्ही दर आठवड्याला देवळाच्या सभामंडपात बैठक घ्यायला लागलो. न्यायालयात काय चाललंय, पणजीच्या मोर्चाला किती बस लागतील, दिल्लीला कोण जाणार, हे तिथे ठरायचं. हजेरीवही माझ्याकडे असायची. पहिल्या दोन बैठकांना तो आला, मागे खांबाला टेकून बसला आणि काही न बोलता गेला. पुढच्या चार बैठकांत त्याच्या नावापुढे मी "गैरहजर" लिहिलं. चौथ्यांदा लिहिताना रागही आला होता. बाकीचे पदरचे पैसे घालून मोर्चाला येतात आणि हा घरी बसतो, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं.

जूनच्या पहिल्या पावसात त्याची बायको युनियनच्या खोलीवर आली. डिचोलीच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर आमची खोली होती. मला वाटलं, मदतनिधीचे पैसे विचारायला आली असेल. ती म्हणाली, "भाऊ, हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. रात्री उठून अंगणात फेऱ्या मारतात. पोरांशीसुद्धा बोलत नाहीत. तुम्ही कोणी घरी या, बसा त्यांच्याजवळ. तुमचं ऐकतील."

मी तिला म्हणालो, "वहिनी, पुढची तारीख लागली की लगेच कळवतो."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग छत्री उघडून जिना उतरून गेली.

तिने माझ्याकडे तारीख मागितलीच नव्हती. पण माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच आहे असं मला खरोखर वाटत होतं. सरचिटणीस म्हणजे तारखा, कलमं, आकडे. ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं) असेल तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मे. कपात झाली तर नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. हे झोपेतही सांगता आलं असतं. एखादा सभासद भिंतीकडे तोंड करून पडला तर काय करायचं, ते कुठल्या प्रशिक्षण शिबिरात कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी त्यांच्या वाड्यावर घुमट दुसऱ्याने वाजवलं. ऑक्टोबरात त्याला रातोरात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यावं लागलं. तो वाचला. एवढंच सांगतो, बाकीचं त्याच्या घरचं आहे.

तो घरी परतल्यावर मी भेटायला गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून भरपाईचे फॉर्म घेऊन गेलो. तो माझ्या हातातल्या फायलीकडे बघून म्हणाला, "आलास, पण कागद घेऊनच आलास." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानंतर तासभर आम्ही वर्कशॉपच्या जुन्या गोष्टी बोललो आणि फॉर्मची पिशवी मी तशीच परत आणली.

मित्रांनो, माणूस कामावर पगारासाठी जातो हे अर्धंच खरं आहे. पाळी असली की उठण्याची वेळ ठरते, जेवणाची ठरते, झोपेची ठरते. डबा उघडताना समोर कोणीतरी असतो. वर्कशॉपमध्ये तुमच्या हाताला किंमत असते, ती रोज कोणीतरी बघत असतो. खाण बंद झाल्यावर पगार गेला तो दिसला, त्यावर आपण लढलो. बाकीचं गेलं ते कोणी मोजलंच नाही. गावात ज्याला "ऑपरेटर" म्हणून हाक मारायचे त्याला कशी हाक मारायची हे लोकांना कळेना, मग त्यांनी हाक मारणंच सोडलं. ट्रकवाल्यांच्या घरी बँकेची माणसं येऊ लागली. खनिज वाहणाऱ्या बार्जवरचे खलाशी मांडवीच्या काठावर गंजत चाललेल्या बार्जकडे बघत बसायचे. बायका पॅकिंगच्या कामाला जाऊ लागल्या आणि घरी बसलेला नवरा त्यांच्या पगाराकडे बघून आणखी आक्रसला. दारू वाढली. आपल्याकडे दारूवर सगळे बोलतात, पण ती कशाला झाकते आहे ते विचारायची पद्धत नाही.

मग कोरोना आला. २४ मार्च २०२० च्या रात्रीनंतर काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. पत्रादेवी आणि दोडामार्गचे नाके बंद झाले. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गहून रोज मोटारसायकलवरून वेर्णा, पिळर्ण, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत येणारी शेकडो पोरं पलीकडे अडकली. काहींच्या नोकऱ्या त्या नाक्यावरच गेल्या. औषधांचे कारखाने चालूच राहिले, तिथली माणसं पास गळ्यात घालून, घरी म्हातारे आईबाप ठेवून पाळी करत राहिली. जहाजांवर अडकलेल्या तारवटींच्या घरी रात्र रात्र फोनकडे बघत बसणं चालू होतं. मे २०२१ मध्ये बांबोळीला ऑक्सिजनच्या पुरवठ्याचा प्रश्न थेट उच्च न्यायालयात गेला. त्या रात्रींत वॉर्डात उभ्या असलेल्या नर्सेस, अटेंडंट, सफाई कामगार यांना त्यानंतर कोणी विचारलं का, की तुला झोप लागते का? माझी चुलत बहीण त्यांच्यातली एक आहे. तिला अजून सिलिंडर ओढल्याचा आवाज आला की दचकायला होतं. तिच्या संघटनेने तिचा थकलेला भत्ता मिळवून दिला, त्याबद्दल ती आभारी आहे. झोपेचं कोणी विचारलं नाही.

"हे डॉक्टरांचं काम आहे, आपलं नाही," असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील. मीही म्हणायचो. पण या प्रश्नावर जगात गाजलेलं काम आपल्याच गोव्यात झालं आहे, आणि ते डॉक्टरांच्या बाहेरच्या माणसांनीच केलं आहे. १९९६ पासून इथे काम करणाऱ्या 'संगत' या संस्थेने आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक पद्धत वापरून पाहिली. नैराश्य असलेल्या माणसाशी बोलायला मानसोपचारतज्ज्ञ न ठेवता त्यांनी इथल्याच, इथली भाषा बोलणाऱ्या, साध्या शिकलेल्या स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण दिलं. सहा ते आठ भेटी. त्याचे चांगले निष्कर्ष २०१७ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. दारूच्या त्रासासाठीही तशीच एक पद्धत त्यांनी तपासली, तीही उपयोगी ठरली.

त्या भेटींत करायचं काय, हे मला एका समुपदेशक ताईंनी समजावलं तेव्हा मी सुन्न झालो. त्या म्हणाल्या, मन खचलं की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी बैठक, मग बाजार, मग देऊळ, मग अंघोळसुद्धा. जितकं सोडतो तितकं मन आणखी खचतं. म्हणून त्याच्याबरोबर बसून त्याला पूर्वी बरं वाटायचं असं एक छोटं काम ठरवायचं, या आठवड्यात एकदा. पुढच्या आठवड्यात येऊन विचारायचं, जमलं का. जमलं नसेल तर रागवायचं नाही, आणखी छोटं काम ठरवायचं.

मला लगेच घुमट आठवलं. आठवड्यातून एकदा त्याच्या दारात जाऊन "चल रे, आरतीला बसूया" एवढंच कोणी म्हणायला हवं होतं. ते म्हणण्यासाठी आमच्याकडे एक वही होती, त्यात प्रत्येकाचं नाव होतं, पत्ता होता, आणि कोण येत नाही हे दर आठवड्याला कळत होतं. एखाद्या आरोग्य केंद्राला अशी यादी मिळवायला किती खटपट करावी लागेल! आम्ही त्या यादीत "गैरहजर" लिहीत बसलो.

आता एक आक्षेप, जो मला गंभीर वाटतो. एका ज्येष्ठ पुढाऱ्यांशी या विषयावर बोललो तेव्हा ते म्हणाले, "तू मालकाच्या हाती कोलीत देतो आहेस. उद्या ते म्हणतील, कामगारावर अन्याय झालेला नाही, त्याचं डोकं ठीक नाही." हे भय खोटं नाही. एका कारखान्यात मी ऐकलेलं उदाहरण सांगतो, कारखान्याचं नाव नको. तिथे तणावमुक्तीसाठी योगाचे वर्ग ठेवले आणि त्याच महिन्यात दोन माणसांचं मशीन एकाला दिलं. वर्गाला न जाणाऱ्यांची यादी पर्सनल खात्याकडे गेली. असल्या गोष्टींना "मानसिक आरोग्य" म्हणत असतील तर त्याच्या विरोधात मी तुमच्याबरोबर उभा राहीन. म्हणूनच तर हे काम मालकावर सोडायचं नाही. ज्याचा पगार कंपनी देते त्या समुपदेशकासमोर कोणता कामगार मनातलं सांगेल? बोललेलं उद्या बढतीच्या वेळी निघणार नाही याची त्याला खात्री कुठून यायची? युनियनचा माणूस असेल तर तो अन्यायही ओळखतो आणि अन्यायाने आलेली निद्रानाशाची रात्रही ओळखतो. ज्याची झोप बारा तासांच्या पाळीने उडाली आहे त्याला गोळी देऊन भागणार नाही, पाळी बदलावी लागेल. आणि पाळी बदलायला वेळ लागणार असेल तर तोवर त्याला झोपही मिळायला हवी. दोन्ही आपलं काम आहे.

आपले पूर्वज हे ओळखून होते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, तेव्हा त्यांच्या पहिल्या मागण्यांत आठवड्याची एक सुट्टी होती. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी माणसाला देवाचं, घरचं, समाजाचं काही करता आलं पाहिजे, ही त्यांची भूमिका. १८९० मध्ये ती सुट्टी मिळाली. पगारात एक पैसाही न वाढवणारी ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षं लढवली. त्यांच्या काळात मानसिक आरोग्य हा शब्द नव्हता, पण सात दिवस राबणाऱ्या माणसाचं आत काय होतं हे त्यांना कळत होतं.

मग मी तुमच्याकडे काय मागतोय?

पहिली गोष्ट सगळ्यात साधी आणि सगळ्यात अवघड आहे. ज्या दिवशी ले-ऑफ, टाळेबंदी किंवा कपातीची नोटीस लागेल, त्या दिवसापासून पंधरा दिवसांत प्रत्येक सभासदाच्या घरी युनियनचं कोणीतरी जाऊन यायचं. हातात कागद न घेता. वकिलाला भेटायला जसा वेळ काढता तसाच हाही काढायचा, कार्यकारिणीत ठराव करून. कोणी कोणाच्या घरी जायचं ते वाड्यांप्रमाणे वाटून घ्यावं. बैठकीला दोनदा न आलेल्या माणसाच्या नावापुढे "गैरहजर" न लिहिता ज्याने जाऊन बघायचं त्याचं नाव लिहावं.

दुसरं, प्रत्येक युनिटमधून दोन माणसांना ऐकण्याचं रीतसर प्रशिक्षण द्या, एक पुरुष आणि एक बाई. पुढारी नकोत. जेवणाच्या सुट्टीत ज्याच्याभोवती लोक आपोआप बसतात, जो ऐकलेलं बाहेर बोलत नाही, असा माणूस प्रत्येक खात्यात असतो आणि तुम्हाला तो माहीत असतो. त्याला हेही शिकवा की आपली हद्द कुठे संपते. कोणी मरण्याची भाषा करू लागला, जेवण-झोप पूर्ण सुटली, भास होऊ लागले, तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी बांबोळीच्या मनोरुग्णालयात न्यायचं. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक सभासदत्वाच्या पावतीच्या मागे छापायला खर्च येत नाही. आणि कुणाला बांबोळीला नेलं तर "पिसो (वेडा) झाला" म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे गप्प करायचं, मग तो कार्यकारिणीतला असला तरी.

तिसरं, मागणीपत्र. पुढच्या करारासाठी तुम्ही ते लिहायला बसाल तेव्हा पगारवाढ, भत्ते, कॅन्टीन यांच्या शेजारी हे विषय येऊ द्या. गट मेडिक्लेम काढून वाचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे शारीरिक आजारांना जसं विमासंरक्षण तसंच मानसिक आजारांना द्यावं लागतं. तुमच्या पॉलिसीत ते खरंच आहे का, दावा नाकारला तर युनियन पाठीशी उभी राहते का? ज्यांचा पगार २१,००० रुपयांच्या आत आहे ते कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये येतात. तिथे साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. दीर्घ आजारांच्या यादीतल्या आजारांसाठी वाढीव लाभ दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो, आणि काही मानसिक आजारही त्या यादीत आहेत. आम्हा खाणवाल्यांना ईएसआय लागू नव्हतं, पण वेर्णा-कुंडईच्या किती सभासदांना हे माहीत आहे? पाय मोडला की माणूस लगेच ईएसआयला धावतो. मन मोडलं की तो बिनपगारी रजा टाकतो, मग पुन्हा टाकतो, आणि एक दिवस गैरहजेरीवरून त्याची चौकशी लागते. अशा चौकशीत तुम्ही बचाव करायला बसता तेव्हा त्याच्या आजारपणाचा कागद तुमच्या फायलीत असला पाहिजे.

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्यालाही कपातीसाठी किंवा तो बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागायची, आता ती मर्यादा तीनशेवर गेली आहे. आपल्या औद्योगिक वसाहतींत तीनशेच्या खालचे कारखाने किती आहेत हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. म्हणजे यापुढे गेट बंद होण्याच्या घटना वाढतील, अचानक होतील आणि लहान लहान ठिकाणी होतील, जिथे पेपरात बातमीसुद्धा येणार नाही. संहितांविरुद्ध तुम्ही जी लढाई लढताय ती लढाच. पण ज्याचं गेट उद्या बंद होणार आहे त्याच्या घराचा रस्ता आजच विचारून ठेवा.

चौथी गोष्ट लिहिताना मला लाज वाटते, कारण माझ्या कारकिर्दीत मी ती केली नाही. कंत्राटी माणसं. ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेश, कर्नाटकातून आलेली पोरं एका खोलीत आठ-आठ राहतात, बारा तास काम करतात, ठेकेदार बदलला की त्यांच्या नोकरीत खंड पडतो. ती आपल्या यादीतच नाहीत. २०२० मध्ये ती चालत आणि श्रमिक रेल्वेने परत गेली तेव्हा आम्ही त्यांना जेवणाची पाकिटं दिली आणि फोटो काढले. त्यांच्यापैकी एकाचंही नाव मला माहीत नव्हतं, आमच्याच वर्कशॉपमध्ये तीन वर्षं ग्रीसिंग करणाऱ्याचंसुद्धा. आम्ही त्याला "बिहारी" म्हणायचो आणि तो झारखंडचा होता, हे मला त्याच्या रेल्वेच्या फॉर्मवरून कळलं. दूर गावी, भाषा येत नसताना, नोकरी कधी जाईल याचा भरवसा नसताना त्यांच्या मनावर जे ओझं असतं ते आपल्या कायम कामगारापेक्षा जास्त असतं. त्यांना सभासद करून घेण्यात कायद्याच्या अडचणी असतील तर त्या तुम्ही सोडवा. पण ऐकणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला हिंदी येत असावी आणि जेवणाच्या सुट्टीत त्याने कंत्राटी पोरांच्या घोळक्यातही बसावं, याला कुठलाही कायदा आड येत नाही.

आणि शेवटचं तुमच्याबद्दल, पदाधिकाऱ्यांबद्दल. २०१८ च्या त्या वर्षात रात्री अकरा-बारालाही मला फोन यायचे. कोणी रडायचा, कोणी शिव्या द्यायचा, कोणी दारू पिऊन विचारायचा, "तुला कंपनीने किती दिले?" माझी स्वतःची नोकरी त्याच दिवशी गेली होती, पण ते बोलायची सोय नव्हती. सरचिटणीस खचला असं दिसलं तर बाकीचे काय करतील, या धास्तीने मी हसऱ्या चेहऱ्याने फिरायचो. मला सहा महिने नीट झोप नव्हती. बायकोने एकदा माझा फोन काढून तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला होता. तुमच्यापैकी कितीजण आज असे जगत असतील याचा मला अंदाज आहे. तुम्ही एकमेकांचे विरोधी असाल, निवडणुकीत एकमेकांना पाडलं असेल. तरीही सरचिटणिसांनी महिन्यातून एकदा कुठेतरी एकत्र बसावं, अजेंड्याशिवाय, प्रसिद्धीपत्रकाशिवाय. जागेची अडचण असेल तर माझ्या गॅरेजच्या मागे पत्र्याची शेड आहे आणि चहाची सोय आहे.

२०२२ च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि काही ठिकाणी यंत्रं पुन्हा फिरू लागली. आमच्यातले काही तरुण परत कामावर लागले, बहुतेकांचं वय आता निघून गेलं आहे. मी ती जुनी हजेरीवही अजून ठेवली आहे. गेल्या वर्षापासून दर रविवारी त्यातल्या दोन घरी जातो. सुरुवातीला लोक विचारायचे, "काय, पैशांचं काही कळलं?" आता विचारत नाहीत. पोकलेनवाला माझ्याबरोबर येतो. स्कूटर त्याची, कारण माझ्या गुडघ्याला गिअरची गाडी सोसत नाही. काही घरी आम्ही दहा मिनिटं बसतो, काही घरी दुपारचं जेवूनच निघतो. दोन घरांत मात्र आम्हाला उशीर झाला होता.

यादीत अजून बरीच नावं राहिली आहेत. येत्या रविवारी आम्ही पिसुर्लेच्या बाजूला जाणार आहोत, सकाळी नऊला साखळीच्या बसस्टँडवरून. तुमच्यापैकी ज्यांना हे काम बघायचं असेल त्यांनी दोघा-तिघांनी यावं. बॅनर आणू नका.

आपला,
एक माजी सरचिटणीस
साखळी, गोवा